पायांखालचें सागवान

वऱ्हाडांत समुद्र नाहीं; परंतु जुन्या जहाजांस लागणाऱ्या दोन वस्तू वऱ्हाडकरांच्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. एक मेळघाटांत वाढणारें सागवान आणि दुसरी कापूस. म्हणून खलाशी ज्या फळ्यांवर उभा राहतो त्या डेकविषयीं अकोला-अमरावतीच्या वाचकांशीं चार शब्द बोलणें अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं. शिडें, तोफा आणि लढाया यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. पायांखालच्या फळीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. वस्तुतः ज्याचा पाय घसरला त्याला शीडही आवरतां येत नाहीं व तोफही डागतां येत नाहीं.

भिजलेल्या डेकवर पाय ठरावा कसा, या प्रश्नाचें एक नामी उत्तर मुंबईच्या गोदींत सांपडतें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें तेथें पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजें बांधलीं. सुरत-मुंबईचे कारागीर खांचा पाडून फळी फळींत बसवीत आणि सांध्यांत कापूस भरीत. युरोपांतील ओक लाकडांत लोखंडी खिळे लवकर गंजतात. सागवानांतील नैसर्गिक तेलामुळें ते पुष्कळ टिकतात. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेलें ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ सालीं पाण्यांत उतरलें. हाँगकाँग ज्या तहानें इंग्रजांच्या हातीं गेलें, तो नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ रोजीं याच जहाजावर झाला. १८१७ सालचें ‘त्रिंकोमाली’ तर इंग्लंडांतील हार्टलपूल येथें अद्यापि जतन करून ठेवलेलें आहे.

अशा सागवानी डेकला लेप कोणता देत असत? कोणताच नाहीं! सांध्यांत डांबर ओतीत. पण फळीचें अंग उघडेंच ठेवीत. खलाशी गुडघे टेकून, खारें पाणी व वाळू टाकून, वालुकाश्माच्या चिपेनें तें घाशीत. त्यायोगें मळ व तेलकटपणा निघून जाई, लाकडाचा किंचित् खरखरीतपणा कायम राही, आणि पाण्यानें फळ्या फुगून सांधे घट्ट होत. दिवाणखान्यांतील सागवानी मेजाला रोगण चढविलें म्हणजे तें शोभिवंत होतें. परंतु तेंच रोगण डेकवर चढवा, कीं पहिल्याच लाटेला माणूस आडवा होईल. चकाकी पाहणाऱ्याकरितां असते, पकड चालणाऱ्याकरितां असते. आणि या दोहोंचें समुद्रावर जमत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत लोखंडी व पुढें पोलादी जहाजें आलीं, आणि हा प्रश्न नव्यानें उभा राहिला. लोखंड पाणी शोषीत नाहीं. उघडें ठेवावें तर गंजतें, आणि गंजूं नये म्हणून रंगवावें तर गुळगुळीत होतें. यावर कोणी लोखंडावर पुन्हा सागवानी फळ्या जडविल्या, कोणी पत्र्यावरच उठावाची नक्षी पाडली, तर कोणी रंगांत वाळू मिसळली. अमेरिकेंतील अॅचेसन यानें १८९३ सालीं कार्बोरंडम या अतिकठीण पदार्थाचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून वाळूला एक बळकट भावंड मिळालें. हल्लीं इपॉक्सीच्या लेपांत असेच कठीण कण मिसळून तो डेकवर पसरतात.

मात्र जो लेप अधिक खरखरीत तो अधिक चांगला, असा हिशेब येथें चालत नाहीं. बूट घालून वावरणाऱ्या नौसैनिकाला जो डेक मानवतो, तो अनवाणी जाळें ओढणाऱ्या कोळ्याचे तळवे सोलून काढील. शिवाय जाड कणांमध्यें माशांचे खवले व चिकटा अडकून बसतो, धुतां धुत जात नाहीं. आणि चिकटा सांचला कीं पकडीसाठीं दिलेला लेपच निसरडा होतो. तेव्हां जेथें अनवाणी काम चालतें तेथें बारीक कण, जेथें बुटांची ये-जा तेथें जाड कण, हाच विवेक. आणि लेप कितीही उंची असला, तरी खालचा गंज, मीठ व तेल निपटून काढल्यावांचून तो धरत नाहीं. पापुद्रे होऊन निघतो.

अर्थात् लेपाच्या शक्तीलाही मर्यादा आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. पाणी आंत येतांच घाबरलेले उतारू एका अंगाला धांवले, आणि बोटीचा तोल गेला, असें सांगतात. तेथें डेकवरच्या एखाद्या लेपानें निभावलें असतें असें म्हणणें वेडेपणाचें होईल. परंतु या घटनेंतून एक गोष्ट ध्यानांत येते. नकाशावरील जहाज रिकामें व स्थिर असतें. प्रत्यक्षांतल्या जहाजावर भिजलेलीं, भ्यालेलीं, धांवणारीं माणसें असतात. त्यांचा विचार जो बांधणारा आरंभापासून करतो, तोच तोलाचा हिशेब नीट मांडतो आणि पायांखालच्या फळीलाही हलकें लेखीत नाहीं. गोदींतील त्या जुन्या कारागिरांनीं सागवान उघडें ठेवलें, तें रोगण मिळत नव्हतें म्हणून नव्हे. त्या फळीवर कोणाला उभें राहावयाचें आहे, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.