पानशेतचा पूर आणि नारायण पेठेतील दोन रेघा

पुण्याच्या नारायण पेठेत लक्ष्मी रस्त्याचा गजबजाट मागे टाकून नदीच्या अंगाला वळले, की बोळ अरुंद होत जातात आणि पायाखालची जमीन हलकेच उताराला लागते. या उतारावरील एका वाड्याच्या भिंतीवर, दिंडी दरवाजाच्या चौकटीहूनही वर, आम्ही पूर्वी एक आडवी रेघ पाहिली होती. रेघेखाली केवळ तारीख होती : १२ जुलै १९६१. घरातील वृद्ध गृहस्थांनी ती स्वहस्ते काढली होती. पाणी कोठवर चढले हे नातवंडांना ठाऊक असावे, एवढाच त्यांचा हेतू. पुढे तो वाडा गेला, त्या जागी इमारत उभी राहिली आणि रेघही गेली. त्या रेघेविषयी, आणि तिच्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी सरकारी नकाशावर उमटलेल्या दुसऱ्या रेघेविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे.

पानशेतचे नाव आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेले असेल. तपशील मात्र नव्या पिढीला माहीत असतोच असे नाही. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे झालेले नव्हते, तरीही १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवण्यात आले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणाऱ्या मार्गाची दारे पुरतेपणी बसलेली नव्हती. हा मार्ग जेथून जातो तेथे सळईच्या काँक्रीटचे बळ नव्हते. साधे काँक्रीटचे ठोकळे वापरलेले होते. जुलैच्या मुसळधार पावसात जलाशय झपाट्याने भरला, अर्धवट मार्गातून घुसळत जाणाऱ्या पाण्याने आतली माती ढिली होत गेली आणि धरणाचा माथा त्या जागी खचू लागला. मातीच्या धरणावरून पाणी एकदा वाहू लागले की मग ते धरण राहत नाही. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या अभियंता दलाचे जवान भर पावसात खचत्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. धरण वाचणार नाही हे दिसत असतानाही त्यांनी ते रात्रभर उभे ठेवले. पुणे झोपेत बुडाले नाही, याचे श्रेय त्या पोत्यांना आहे.

बुधवारी, १२ तारखेला सकाळी पानशेत फुटले. खाली खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातील दगडी धरण होते. वरून आलेला लोंढा त्याने काही तास पेलला. दुपारी तेही फुटले. मुठेवरील एकामागून एक पूल पाण्याखाली गेले आणि शहराच्या दोन बाजूंना जोडणारा एक बंडगार्डनचा पूल तेवढा शिल्लक उरला. नारायण, शनिवार आणि कसबा या नदीकाठच्या पेठांत पाणी पहिल्या मजल्याला टेकले. पाणी ओसरल्यावरही नाश थांबला नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आणि लाकडी सांगाड्यावर तोललेल्या. भिजून फुगलेल्या अशा भिंती लोंढ्यात टिकल्या, तरी पाण्याचा आधार निघून गेल्यावर खाली बसल्या.

त्या सकाळी पेठेत बातमी पोहोचली ती तोंडोतोंडी. धरण संकटात आहे हे काही मोजक्या माणसांना आदल्या दिवसापासून कळलेले होते. ज्यांच्या दारात पाणी येणार होते त्यांना ते कळलेले नव्हते. कोणी शाळेतून मुले आणायला धावले, कोणी ही अफवा आहे म्हणून दुकान उघडून बसले. बांधकामातील उणिवांची चर्चा पुष्कळ झाली. चौकशीसाठी प्रथम न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला, त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे ते काम आले. परंतु आम्हांला अधिक खुपते ती दुसरी उणीव. ज्ञान एका खात्यापाशी होते आणि जिवाची जोखीम दुसऱ्यांपाशी. या दोहोंच्या मध्ये काहीही नव्हते.

पुरानंतरच्या महिन्यांत मात्र याच्या अगदी उलट घडले, आणि पानशेतच्या कथेचा हा भाग आपण फारच कमी सांगतो. सदाशिव गोविंद बर्वे हे पुणे महापालिकेच्या आरंभीच्या काळातील आयुक्त. सनदी सेवेतील कडक शिस्तीचे आणि झपाट्याने काम उरकणारे अधिकारी म्हणून पुणेकरांना ते परिचित होते. पूरग्रस्त शहर सावरण्याची जबाबदारी सरकारने त्यांच्यावर सोपवली. त्यांच्या हाताशी कोण नव्हते! पूल आणि रस्ते मोकळे करणारे लष्करी जवान. कोणता वाडा ठेवायचा आणि कोणता उतरवायचा हे ठरवणारे महापालिकेचे अभियंते. रोगराई पसरू नये म्हणून घरोघर लस टोचणारी वैद्यकीय पथके. गाळ उपसणारे सफाई कामगार, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावणारे महाविद्यालयीन विद्यार्थी. खडकवासला फुटल्याने शहराचा नळ कोरडा पडला होता. वाड्यांतील विहिरी आणि पेशवाईत कात्रजहून आणलेले पाणी यांची अशा वेळी नव्याने आठवण झाली. नानासाहेब पेशव्यांच्या कारागिरांनी दोन शतकांपूर्वी बांधलेली ती योजना अशी ऐन वेळी उपयोगी पडावी, याचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

बेघरांसाठी गोखलेनगर आणि इतरत्र अर्धगोल पत्र्यांच्या निसेन झोपड्या उभ्या राहिल्या, लोकमान्यनगरात इमारती बांधल्या गेल्या, सहकारनगरासारख्या वसाहती वसल्या. पूरग्रस्तांच्या १०३ सहकारी गृहरचना संस्थांना भाडेपट्ट्याने जमिनी मिळाल्या. नकाशा काढणारा नगररचनाकार, जमीन मोजणारा महसूल अधिकारी, सहकार खात्याचा निबंधक आणि घर गमावलेला कारकून हे एका मेजाभोवती बसल्यावाचून असे काम होत नाही. नारायण पेठेतील कित्येक कुटुंबे कायमची नदीपासून दूर, टेकड्यांच्या पायथ्याशी गेली. आजच्या शास्त्रीय भाषेत याला पूरक्षेत्रातून माघार म्हणतात. त्या वेळी कोणी असे नाव दिले नव्हते. १९६२ मध्ये बर्वे सनदी सेवा सोडून शिवाजीनगरमधून विधानसभेवर निवडून गेले, मदतकार्याची कचेरी आवरली, आणि त्या मेजाभोवतीची माणसे आपापल्या खात्यांत परतली.

मोकळ्या झालेल्या जागा मोकळ्या राहिल्या नाहीत. पानशेत पुन्हा बांधले गेले, खडकवासल्याला नवे दरवाजे बसले, पुढे वरसगाव आणि टेमघर झाले. धरणे वाढली तसा शहराचा नदीविषयीचा धाक कमी झाला. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिले होते, की बांध जितका भक्कम तितकी त्याच्या आडोशाला वस्ती दाट होते, आणि बांध अपुरा पडला की हानी पूर्वीपेक्षा मोठी होते. पुण्याने हे वाचले नव्हते असे म्हणवत नाही. संगमाजवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे. नदीच्या प्रवाहांचे नमुने बांधून अभ्यास करणारे केंद्र खुद्द खडकवासल्याला. हवामान खात्याचे कार्यालय शिवाजीनगरला. लष्कराचे अभियंते खडकीला. चारदोन कोसांत एवढी विद्या असलेली शहरे देशात थोडीच असतील.

नकाशावरची रेघ आली ती १९८९ मध्ये. राज्याच्या पाटबंधारे खात्याने नदीकाठच्या जमिनींसाठी दोन पूररेषा ठरवल्या. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांमधील पट्टा नियंत्रित. पुण्यात मुठेसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेक विसर्गाची आणि लाल रेषा १ लाख क्युसेकची धरली जाते. क्युसेक म्हणजे एका सेकंदात वाहून जाणारे एक घनफूट पाणी. कल्पना उत्तम होती. परंतु रेषा आखणारे खाते वेगळे, बांधकामाला परवानगी देणारी महापालिका वेगळी, रस्ते आणि पूल बांधणारे आणखी निराळे. प्रत्येकाकडे स्वतःचा नकाशा आणि प्रत्येकाची सही स्वतंत्र.

याचा सर्वांत विचित्र परिणाम नारायण पेठेने भोगला. येथील अनेक जुने वाडे निळ्या रेषेच्या आत सापडले. भिंतींना तडे गेलेले, छपरे गळकी, भाडेकरू आणि मालक दोघेही म्हातारे; आणि पुनर्बांधणीची परवानगी मिळेना. त्याच काळात नदीच्या पात्रात रस्ता झाला, भराव पडले, आणि पुढे मेट्रोचे खांबही पात्राच्या कडेने उभे राहिले. त्याविरुद्ध काही नागरिक हरित न्यायाधिकरणापुढे गेले, तरी मार्ग झाला आणि २०२३ मध्ये तो सुरू झाला. मेट्रोचे शत्रुत्व आम्हांला नाही. पण शंभर वर्षे जागेवर असलेल्या घराला रेषा दाखवायची आणि नव्या कामाला अपवाद, हा न्याय पेठेतल्या माणसाला समजत नाही. आम्हांलाही समजलेला नाही. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत लाल रेषेच्या वर जोते ठेवण्याच्या अटीवर जुन्या घरांच्या पुनर्बांधणीला वाट करून दिली गेली. खाली खांब आणि वाहनतळ, वर राहते घर. पाणी आले तर खालून निघून जावे, असा त्यात विचार आहे आणि तो चुकीचा नाही.

पाणी आलेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने पुण्यात वीसहून अधिक बळी घेतले. या ओढ्याचा मूळ प्रवाह शहराच्या पेठांतून जात असे. पेशवाईत तो वळवून पर्वतीकडे नेण्यात आला. त्या रात्रीच्या पाण्याला कोणत्याही धरणाचा दरवाजा आवरू शकत नव्हता, कारण पाऊस धरणाच्या खाली, शहरातच पडला होता. नंतर २५ जुलै २०२४ उजाडला. खडकवासल्याच्या वरच्या तीन धरणांची साठवण मोठी आहे. खडकवासल्याची अवघी १.९७ टीएमसी. जवळपासच्या डोंगरांवर एका रात्रीत मोठा पाऊस झाला तर त्याला दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. त्या पहाटे विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोक झोपेत असताना पाणी घरांत शिरले. नारायण पेठेच्या समोरच्या तीरावर, पुलाच्या वाडीत, हातगाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने मृत्यू पावले.

या दोन आकड्यांकडे वाचकांनी पाहावे. निळी रेषा ६० हजारांची. पाणी घरात शिरले ते ३५ हजारांना. याचे कारण केवळ पावसात शोधून चालणार नाही. पात्र आकसले आहे, आणि कागदावरील रेषा जुन्या पात्राची आहे. शिवाय विसर्गाचा आकडा धरणाच्या कचेरीतून निघून हातगाडीवाल्यापर्यंत पोहोचायला अजूनही १९६१ मधल्याइतकाच अवघड रस्ता चालतो. विजेचा प्रवाह केव्हा तोडायचा, हे धरणाचा अभियंता सांगू शकत नाही आणि वीज खात्याला नदीची पातळी ठाऊक नसते.

वेगळे करता येते याचाही दाखला आपल्याच राज्यात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर बुडाल्यानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. तीत अभियंत्यांबरोबर हवामान आणि उपग्रह-चित्रांचे जाणकारही होते. सर्व दोष अलमट्टी धरणाच्या माथी मारण्याची तेव्हा रीत पडली होती. समितीने अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडेही बोट दाखवले. हे सर्वांना रुचले नाही. पण त्यानंतर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचे अभियंते पावसाळ्यात एकमेकांना विसर्गाचे आकडे कळवू लागले. आम्हांला वाटते, तेवढ्याने जेवढी घरे वाचली असतील तेवढी कोणत्याही भिंतीने वाचली नसती.

आमच्या वसईकर वाचकांना यात नवे काही सांगावे असे नाही. जुलै २०१८ मध्ये मिठागरांतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली, रेल्वे थांबली, तेव्हा बुजवलेली बावखले आणि भराव घातलेल्या खाजणांची आठवण गावोगावी निघाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत जमिनीच्या नकाशांवरून सरकारशी वाद घातला, तेव्हा धर्मगुरूने नगररचनेत का पडावे असे विचारणारे पुष्कळ होते. २५ जुलै २०२४ रोजी, ज्या पहाटे पुण्यात नदी घरांत शिरत होती, त्याच दिवशी फादरांचे निधन झाले.

नारायण पेठ आणि डेक्कन यांना जोडणारा भिडे पूल पात्रातच, अगदी सखल बांधलेला आहे. विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो आणि दोन्ही टोकांना पोलीस अडथळे लावतात. गतवेळी आम्ही गेलो तेव्हा पेठेकडच्या टोकाला बरेच लोक पाणी पाहात उभे होते. एक आजोबा नातीला हाताने वर, समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे दाखवून काही सांगत होते. त्या इमारतीवर कसलीही रेघ नव्हती.