रग्बी सामन्यांवरील सट्टा

रग्बी सामन्यांवरील सट्टा म्हणजे सामन्याच्या निकालावर किंवा त्यातील घटनांवर ठरलेल्या भावाने पैसे लावणे होय. विजेता संघ, हँडिकॅप (गुणांची आगाऊ वजावट), एकूण गुण आणि पहिला ट्राय करणारा खेळाडू हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत.

एकाच सामन्यात या प्रकारांचे निकाल परस्परविरुद्ध लागू शकतात. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने एकही ट्राय न करता, केवळ चार पेनल्टींच्या बळावर न्यू झीलंडला १२–११ असे हरवले. विजेत्या संघावरील पैज जिंकली. त्याच संघाचे १.५ गुण वजा धरणारी हँडिकॅप पैज मात्र हरली.

दोन समसंभाव्य पर्यायांना बुकी २.०० ऐवजी १.९० असा भाव देतो, तेव्हा लावलेल्या दर १०० पौंडांमागे सरासरी ५ पौंड त्याच्याकडे राहतात.