तळटीप : सायनाइड पचवणारे जिवाणू

* लेखकाने इथे ओझरता उल्लेख केलेला प्रकल्प अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातील होमस्टेक या सोन्याच्या खाणीचा. दळलेल्या खडकातून सोने वेगळे करायला सायनाइडचे द्रावण वापरतात आणि मागे उरते विषारी सांडपाणी. या खाणीचा गाळ कित्येक दशके व्हाइटवुड ओढ्यात जात होता.

१९८४ मध्ये खाणीने जैविक शुद्धीकरण सुरू केले. आडव्या दांड्यावर ओवलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या तबकड्या टाकीत संथपणे फिरत राहतात. त्यांच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. तबकडीचा भाग पाण्यात बुडाला की या थराला सायनाइड मिळते, वर आला की हवा. काम करणारे स्युडोमोनास गटातले जिवाणू बाहेरून आणलेले नव्हते, खाणीच्याच सांडपाण्यात ते तगून होते! विषाला सरावलेले जिवाणू विषाच्याच ठिकाणी शोधावेत, ही यातली सर्वांत मोलाची कल्पना.

सायनाइड फुटले की अमोनिया तयार होतो, आणि तोही माशांना घातक. म्हणून पुढच्या टप्प्यात दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. हा दुसरा टप्पा लोकप्रिय वर्णनांत हमखास गळतो. वास्तविक त्याच्याशिवाय पाणी ओढ्यात सोडताच आले नसते. ओढ्यात पुढे ट्राउट मासे पुन्हा दिसू लागले.

सायनाइड हे संयुग असल्याने ते मोडता येते. ओढ्याच्या काठावर साचलेल्या खाणीच्या जुन्या गाळातले आर्सेनिक मात्र मूलद्रव्य आहे. जिवाणू त्याचे रूप बदलू शकतात, त्याला नाहीसे करू शकत नाहीत. — संपादक