टेलिफोन केंद्राचे कमिशन आणि शिफारशीचे मोल

दुसऱ्याच्या मालास गिऱ्हाईक मिळवून देऊन त्याबद्दल मोबदला घेण्याची प्रथा मुंबईस नवी नाही. अडत, दलाली व कमिशन हे तिन्ही शब्द येथील बाजारात फार पूर्वीच रुळले; १८७२ च्या करार कायद्याने अभिकर्त्याच्या कर्तव्यांस निश्चित रूपही दिले. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या सॉफ्टवेअरची शिफारस करून कमिशन मिळविणे हे या परंपरेचे अगदी अलीकडील रूप होय. त्याचे वेगळेपण ध्यानी येण्यासाठी उपनगरांतील टेलिफोन केंद्रांचा इतिहास उपयोगी पडतो.

अंधेरी व घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. वस्ती झपाट्याने वाढली; तथापि घरी टेलिफोन येण्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८६ मध्ये महानगर टेलिफोन निगमाची स्थापना झाली आणि त्याच सुमारास एस.टी.डी.-पी.सी.ओ. केंद्रांचा प्रसार सुरू झाला. केंद्रचालकास प्रत्येक संभाषणाच्या आकारातून कमिशन मिळे. अपंग व्यक्तींना ही केंद्रे देताना प्राधान्य असल्याने अनेक कुटुंबांचा चरितार्थ त्यांवर चालला. पुढे मोबाइलचा प्रसार झाला, २००३ पासून येणारे कॉल निःशुल्क झाले आणि हा व्यवसाय ओसरला.

या व्यवहारात दोन गोष्टी लक्षणीय होत्या. मीटरवर वेळ व आकार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उमटे. शिवाय दूरध्वनीची यंत्रणा एकच असल्याने 'कोणती निवडावी' हा प्रश्नच नव्हता. केंद्रचालक सेवा विकत होता, सल्ला नव्हे.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने शाळा, शिकवण्या व कचेऱ्या घरात आणल्या. झूम, गूगल मीट यांच्या जोडीला त्याच वर्षी मुंबईच्या रिलायन्स समूहाचे जिओमीट आले. आता निवडीचा प्रश्न उभा राहिला आणि सल्ल्यास मोल आले. शिफारस करणाऱ्यास कंपनी एक सांकेतिक दुवा देते. त्यावरून येऊन कोणी सशुल्क योजना घेतली, की शिफारसकर्त्याच्या नावे कमिशन जमा होते. ॲमेझॉनने १९९६ मध्ये पुस्तकविक्रीसाठी रूढ केलेली ही पद्धती होय. तीत मीटर आहे, परंतु तो गिऱ्हाइकास दिसत नाही. अधिक कमिशन देणारे साधनच उत्तम म्हणून सांगितले गेले, तर अंधेरीच्या लहान कचेरीस किंवा मुलुंडच्या शिकवणीचालकास ते कळावे कसे?

मुंबईत १९८५ साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचीही तत्त्वे आली. शिफारसकर्त्याने आपला आर्थिक संबंध उघड करावा, हे दोहोंचे सूत्र आहे.

सारांश, कमिशन घेणे हा दोष नव्हे. त्यावर उपनगरांतील कित्येक संसार उभे राहिले. भेद आहे तो उघड मोबदला आणि अदृश्य मोबदला यांत. सेवेवरील कमिशन सल्ल्यावर आले, तेव्हा विश्वास हाच विक्रीचा माल झाला. अर्वाचीन व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाने या स्थित्यंतराची नोंद घेणे अगत्याचे आहे.