मसूरचे स्टेशन आणि आमची इंग्रजी

रहिमतपूरहून कऱ्हाडकडे जाणारी गाडी तारगाव ओलांडून मसूरला येते. माझ्या वर्गातली कितीतरी मुले या लाइनीच्या दोन्ही अंगांच्या गावांतली आहेत. 1901 च्या उन्हाळ्यात याच लाइनीने साताऱ्याचा भिवा रामजी आंबेडकर घरच्या पोरांबरोबर मसूरला उतरला होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. 7 नोव्हेंबर 1900 ला त्याचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत लागले होते. वडील गोरेगावला खजिनदार होते. 'येतो आहोत' असे पत्र पोरांनी पाठवले होते. नोकराने ते वडिलांना दिलेच नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाल्याने दुप्पट भाडे ठरवले, आणि विटाळ नको म्हणून पोरांनाच बैल हाकायला लावून स्वतः पायी चालला.

रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचे होते. गाडीवाला म्हणाला, मुसलमान आहोत म्हणून सांगा. भिवाला उर्दू येत होते. तो उर्दूत बोलला. पाणी मिळाले नाही.

ही हकिकत आपण व्याख्यानांतून पुष्कळ सांगतो. पण ती लिहिली कशी आहे, हे पाहत नाही. बाबासाहेबांनी ती 1935-36 च्या सुमारास इंग्रजीत लिहिली; 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही पुस्तिका छापून आली ती 1990 मध्ये. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ती वाचायला लावतात. त्यात जड शब्द जवळजवळ नाहीत. अंगावर कपडे कोणते होते, भाडे किती ठरले, कोण काय म्हणाले, एवढेच एकामागून एक येते. उर्दू त्या रात्री सोंगासाठी वापरली होती. इंग्रजी साक्षीसाठी वापरली.

ही इंग्रजी आपोआप आली नाही. रामजींनी हॉवर्डची वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पोराकडून घोटून घेतली, हा पाया. पण पाठमालेने वाक्य येते, प्रबंध येत नाही. 9 मे 1916 ला कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातींवरचा निबंध वाचला, तो आमच्या विद्यार्थ्यांनी मांडणीसाठी वाचावा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर या चौघांच्या व्याख्या ते आधी पुढे ठेवतात. प्रत्येकीत काय निसटते ते दाखवतात. आणि मगच जातिबाह्य विवाहाची बंदी हे जातीचे मर्म असल्याचे सांगतात. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नीट मांडायचे, ही शिस्त व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही.

लंडनला तर त्यांनाही प्रबंध पुन्हा लिहावा लागला. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1922 मध्ये सादर झाला. ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना जाचली आणि तो फिरून लिहायला सांगण्यात आला. दुरुस्त प्रत मुंबईहून गेली आणि 1923 मध्ये पदवी मिळाली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी छापील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, तीही आपले मतभेद नोंदवून. (आमच्याकडे मार्गदर्शकाशी मतभेद असणाऱ्याचा प्रबंध टंकलेखनापर्यंत तरी पोचतो का, हा निराळा विषय.)

मी घरातला पहिला पदवीधर. एम. ए.ला असताना मी गाईडमधली वाक्ये पाठ करून निबंध लिहिला. सरांनी राहिलेल्या 'अ' आणि 'द' भोवती तांबडी वर्तुळे काढली. निबंधात माझे म्हणणे असे काही नव्हतेच; त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मला ती वर्तुळे कित्येक वर्षे दिसत राहिली. इंग्रजीचे भय आपल्या पोरांत असे शिरते, आणि मग पोरे गाईडच्या आड लपतात. ते टोलनाक्यावरचे उर्दूच झाले.

गेल्या वर्षी एका मुलीने पाण्यावर निबंध आणला. पाणीटंचाई ही ज्वलंत समस्या आहे, वगैरे. मी म्हटले, "बाई, तुझ्या वस्तीत नळ किती? पाणी कधी येतं? आधी मराठीत लिही. मग ग्रामपंचायत काय म्हणते ते लिही, आणि ते कुठं पटत नाही ते सांग." आठवड्याने तिने दीड पान इंग्रजी आणले. नळ दोन. वरच्या आळीला सकाळी सहाला पाणी, वस्तीला दुपारी, बाया रोजगारावर गेल्यावर. पंचायतीचे उत्तर, उताराचे कारण. आणि तिचा प्रश्न : टाकी तर वस्तीच्याच डोक्यावर आहे, मग उतार कुठला?

चार ठिकाणी 'द' राहिला होता. तो मी शेवटी दाखवला, पेन्सिलीने.