पोटाचा आजार, पायावर गाठी: आयबीडीमधल्या त्वचाविकारांवर उपचार कसे होतात?

नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी आल्या की आपण त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो. पण सोबत बरेच दिवस जुलाब, पोटदुखी किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मूळ आतड्यात असू शकतं.

आयबीडी म्हणजे काय?

आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांचा हा गट. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे त्यातले दोन प्रमुख आजार. भरकटलेली प्रतिकारशक्ती आतड्यासोबत त्वचा, सांधे आणि डोळ्यांनाही त्रास देते.

त्वचेवर काय दिसतं?

एरिथेमा नोडोसम: नडग्यांवरच्या गाठी. पोटाचा आजार बळावला की येतात आणि तो आटोक्यात आला की सहसा काही आठवड्यांत जातात. आराम, पाय उंच ठेवणं उपयोगी पडतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने घेऊ नका, त्याने आतड्याचा त्रास वाढू शकतो.

पायोडर्मा गँग्रिनोसम: लहान फोडापासून सुरू होऊन झपाट्याने पसरणारी, जांभळट कडांची जखम. १९३० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तिला हे नाव दिलं. त्यांच्या ५ रुग्णांपैकी ४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. नावात गँग्रीन असलं तरी हा जंतुसंसर्ग नाही. म्हणूनच जखम खरवडून किंवा कापून साफ केली तर ती आणखी वाढू शकते. स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही त्यावरची औषधं.

औषधांमुळे येणारे त्रास: इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांनी काहींना सोरायसिससारखे चट्टे येतात. अॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी कडक उन्हापासून त्वचा जपायला हवी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे विसरू नका. पण कुठलंही औषध परस्पर बंद करू नका.

टीबीची तपासणी का?

आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांची लक्षणं सारखी असतात. नडगीवरच्या गाठी टीबीमुळेही येतात. शिवाय स्टिरॉइड आणि इन्फ्लिक्सिमॅबमुळे शरीरात दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो. म्हणून तपासणी आधी, ही औषधं नंतर.

कुठे जायचं?

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'घाटी'त, त्वचारोग आणि मेडिसिन दोन्ही विभाग आहेत. त्वचेच्या डॉक्टरांना पोटाचा त्रास सांगा, पोटाच्या डॉक्टरांना त्वचा दाखवा. जखम वेगाने पसरत असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.