हरलेल्यांचा संगणक

इतिहास जेते लिहितात, असे आपण नेहमी म्हणतो. संगणकाचा इतिहासही याला अपवाद नाही. ‘बी-ओएस’ ही गुणी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात हरली आणि २००१ मध्ये तिची मालमत्ता पाम कंपनीने विकत घेतली. तिच्या चाहत्यांनी मात्र त्याच वर्षी ती नव्याने, सर्वांसाठी खुली अशी लिहायला घेतली. तीच आजची ‘हायकू’. घरच्या संगणकावरचे विंडोज न काढता मी ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे यंत्राच्या पोटातले यंत्र. ही कल्पना जन्मली टंचाईतून. १९६० च्या दशकात संगणक प्रचंड महाग होते. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) केंद्राने ‘सीपी-४०’ रचून एकच यंत्र अनेकांत असे वाटले, की प्रत्येकाला ते आपले एकट्याचेच वाटावे. घरगुती संगणकावर ही सोय १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आणली. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सही ती फुकट देऊ लागला.

आपल्या मुलांना संगणक म्हणजे विंडोज एवढेच ठाऊक असते. दुसरा पर्याय नव्हताच, हे जेत्यांचे म्हणणे आहे. ते घरबसल्या तपासता येते. हरलेल्यांची बाजू वाचायलाच नव्हे, चालवून पाहायलाही मिळावी, असे इतिहासात क्वचितच घडते.